नाना जेवत नाहीत

क्वीन्सटाउन, ३ एप्रिल २०१६

अमेय,

पर्थचा पत्ता मुकुलकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. आधी त्याला जेवायला बोलावलं, मग पुन्हा बोलावलं, आणि शेवटी समोर बसून रडले. इथल्या सक्तीच्या आर्मीत दोन वर्षं तुझ्या शेजारच्या पलंगावर झोपलेला मुलगा, तो तरी किती वेळ टिकणार.

आई कागदावर लिहितेय याचं तुला हसू येईल. एक तर तू फोन उचलत नाहीस. आणि जे लिहायचंय ते फोनवर लिहिण्यासारखं नाही. बँकेत मी दिवसभर दुसऱ्यांचे मेसेज वाचत बसते, कोणी कुठला नियम मोडला ते हुडकायला. अशा बाईच्या स्टोअररूममध्ये तांदळाच्या पिंपाशेजारी अजगर आहे, आणि या देशात साप पाळायला बंदी आहे, हे मी कुठल्या तोंडानं व्हॉट्सॅपवर टाकू?

तर नाना जेवत नाही.

तू गेल्यावर पहिले दोन उंदीर त्यानं निमूट खाल्ले. त्यानंतर जे तोंड फिरवलंय ते आजपर्यंत. तू दाखवलंस तसंच सगळं करते. फ्रीझरमधून उंदीर काढायचा, कोमट पाण्यात सोडायचा, लांब चिमट्यात धरून त्याच्या नाकापुढे हलवायचा. मी, जिनं जन्मात अंडं फोडलं नाही. तो माझ्याकडे बघतो, म्हणजे बघतो की नाही तेही कळत नाही, मेल्याला पापण्याच नाहीत. मग वेटोळ्यात डोकं घालून ढिम्म बसतो. माझ्या सासऱ्यांचं नाव तू त्याला दिलंस, कारण म्हणे जेवला की आजोबांसारखाच दोन दिवस पडून राहतो. तेव्हा बाबा रागावले होते. आता तेच रोज ऑफिसमधून विचारतात, नानांनी खाल्लं का.

मला तो आवडत नाही. उगाच खोटं कशाला बोलू. दोन-अडीच हात लांबीचा, मनगटाएवढा जाड, ना आवाज ना माया. पण तू जाताना कपडे नेलेस, गिटार मुकुलला दिलीस, अकाउंटन्सीची पुस्तकं खाली कचऱ्याच्या खोलीत टाकून आलास. या घरात तुझं म्हणावं असं तेवढंच उरलंय. तू कॉलेज सोडल्यावरून आपलं जे काही झालं, त्यानंतर दारात उभा राहून तू एवढंच म्हणालास, "नानाला सांभाळ, मी येईन त्याला न्यायला." ऑस्ट्रेलियात साप नेता येत नाही हे मी दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं. तरी तू येईन म्हणालास, ते मी धरून बसलेय. त्याला काही झालं तर तुझ्या येण्याचं कारणच संपलं. म्हणून मी रोज उंदीर गरम करते.

काय करायचं ते कळव.

आई

क्वीन्सटाउन, २४ एप्रिल २०१६

अमेय,

उत्तर नाही. बरं.

इकडचा तमाशा ऐक. आठव्या मजल्यावरची साधना आठवते ना, गणपतीत सगळ्यांना आरतीची पुस्तकं वाटते ती. मी लिफ्टमध्ये तिच्याबरोबर उभी आणि बाबांचा फोन. "आज तरी खाल्लं का?" तिच्यासमोर काय बोलणार? मी म्हटलं, "नाही हो, नानांनी आजही तोंड लावलं नाही. महिना उलटून गेला." फोन ठेवला तर साधनाचा चेहरा एवढासा झालेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात साधना, हातात डबा. मऊ भात, मेतकूट, वर साजूक तूप, आणि छोट्या डबीत लिंबाचं लोणचं. "म्हाताऱ्या माणसाला एकदम पोळी नको," म्हणे. "दिलीपभाऊजींचे वडील आलेत हे तुम्ही बोललाही नाहीत. दोन मिनिटं नमस्कार करून जाते." नाना जाऊन नऊ वर्षं झाली हे तिला कुठलं माहीत असायला.

बाबा पुढे झाले. म्हणाले, "झोपलेत."

"अहो, अकरा वाजलेत."

"दिवसा झोपतात. रात्री जागे असतात."

"आणि पोट साफ होतं का?"

"महिन्यातून एकदा," बाबा म्हणाले. एक शब्द खोटा बोलला नाही तुझा बाप. साधनानं कपाळाला हात लावला, डॉक्टरांना दाखवा म्हणून तीनतीनदा बजावलं आणि गेली. मग आम्ही दोघं ओट्याशी उभे राहून तो भात खाल्ला. मला हसू आवरेना, बाबांनाही. तू गेल्यापासून या घरात कोणी हसलं नव्हतं. हसून झाल्यावर बाबा तुझ्या खोलीचं दार ओढून घेऊन टीव्हीपुढे जाऊन बसले.

सगळे उपाय करून झाले. उंदीर जास्त गरम करून पाहिला. चमच्यानं त्याच्या अंगाला लावून पाहिला. स्टोअररूममध्ये एकटं वाटत असेल म्हणून त्याची पेटी हॉलमध्ये आणली. मग उजेड सोसत नसेल म्हणून तुझ्या खोलीत नेली, मग पुन्हा आत. ऑफिसला जाण्याआधी एकदा पुढे करते, आल्यावर एकदा. समोर बसून बोलते पण त्याच्याशी. खा रे बाबा, एवढा एक खा, माझ्यासाठी खा. काल बाबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "सुचित्रा, साप आहे तो. जावई नाही."

त्यांना काय जातंय बोलायला. आमच्या घरी माणूस नको म्हणाला की अजून एकदा विचारायचं असतं, आणि तरी नको म्हणाला की पानात वाढायचंच असतं. मला दुसरं येत नाही.

थकलेय मी. पाया लेबारच्या ऑफिसातून घरी येताना रोज गाडीत उभ्याउभ्या मनाशी म्हणते, आज खाल्लेलं असू दे. मग लिफ्टचं बटण दाबावंसं वाटत नाही.

आई

क्वीन्सटाउन, २९ मे २०१६

अमेय,

तुझं कार्ड आलं. त्यावरचा तो हसरा प्राणी बघून बाबा म्हणाले, हा घुशीच्या घरातला दिसतोय. मी कार्ड पर्समध्ये ठेवलंय.

"आई, त्याला रोज खायला देऊ नको. झाकण उघडू नको. हात लावू नको. जस्ट लीव्ह हिम अलोन लाह." वर ना प्रिय आई, खाली ना नाव. तरी अक्षर तुझं होतं. लेटरबॉक्सपाशी उभी राहून मी ते इतक्या वेळा वाचलं की साधनानं विचारलं, घरून काही वाईट बातमी का. नाही म्हटलं, नानांच्या औषधाची चिठ्ठी आलीय.

तू म्हणालास तसं केलं. पेटी स्टोअररूममध्ये, वर चादर, दार लोटलेलं. उंदीर बंद. तुला वाटत असेल यात काय एवढं. सोपं नाही ते. भुकेलं जनावर आत आहे आणि आपण बाहेर बसून भाजी निवडायची. तांदूळ काढायला आत जावं लागायचं तेही नको म्हणून मी पिंप स्वयंपाकघरात आणलं, आणि बाबांची त्याला ठेच लागली. पाणी बदलायला तेवढी जाते. बघायचं नाही असं ठरवून जाते आणि बघतेच. तुझ्यापाशी कबूल करते, बाबांना सांगू नकोस.

एक विचारू? तुला तिकडे करायचंय काय ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मुकुल म्हणतो, तू कुठल्यातरी प्राण्यांच्या दवाखान्यात पिंजरे धुतोस आणि शिकतोसही. शिकतोस म्हणजे काय, कोर्स आहे का, सर्टिफिकेट मिळतं का, पुढे नोकरी लागते का? लिहिलं आणि माझं मलाच कळलं मी काय करतेय. पण खोडत नाही. खोडलं तर तुला वाटेल काय लिहिलं होतं कोण जाणे.

फोन कर. बाबांच्या फोनवर केलास तरी चालेल.

आई

क्वीन्सटाउन, ७ ऑगस्ट २०१६

अमेय,

आज नागपंचमी. पाटावर गंधानं नाग काढला, दूर्वा वाहिल्या, लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवला. विळी-सुरी लावायची नाही म्हणून पुरणाची दिंडं उकडली. हे सगळं हॉलमध्ये, आणि भिंतीपलीकडे खराखुरा नाग, म्हणजे अजगर, उपाशी. हात जोडले पण काय मागावं ते सुचेना.

मग पाणी बदलायला आत गेले. चादर काढली तर तो मान वर ताठ करून बसला होता, तोंड अर्धवट उघडं. नाकाशी बुडबुडे. श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. तीन वर्षांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पाठीचा कणा वर आलाय, दोन्ही बाजूंची कातडी सैल पडलीय. हे एका दिवसात झालेलं नाही. तू सोड म्हणालास, मी सोडलं, आणि सोडलं म्हणून हे कळायला उशीर झाला. तुला दोष देत नाही. आधी अति केलं तेही मीच. किती बघायचं आणि किती सोडायचं हे मला पन्नाशीत कळलेलं नाही, तर तुला बाविसाव्या वर्षी कुठून कळणार.

दवाखान्यात फोन केला. म्हटलं, समजा एखाद्याकडे साप असेल. पलीकडची मुलगी फार गोड बोलली आणि म्हणाली, मॅडम, समजा असेल तर आधी सरकारकडे जमा करा, उपचार ते करतील. सगळीकडे तेच.

बाबा म्हणाले, पिशवीत घालून जुन्या रेल्वेलाइनच्या झाडीत सोडून येऊ. आपला सिटिझनशिपचा अर्ज आत पडलाय, माझी बँकेतली जागा अशी, कशाला विषाची परीक्षा. त्यांचं चूक नाही. मी म्हटलं, आजारी जनावर झाडीत सोडलं तर ते मरेल. "इथे काय जगतंय?" ते म्हणाले. त्यावर आम्ही बरंच भांडलो. शेवटी मी ओरडले, अमेयचं काही मी रस्त्यावर टाकणार नाही.

मी ठरवलंय. मंगळवारी नॅशनल डेची सुट्टी आहे, बुधवारी मी फोन करून सांगणार की माझ्याकडे साप आहे, घेऊन जा. ते त्याला बरा करतील की सुई टोचून संपवतील, मला माहीत नाही. विचारलं तर तेही सांगत नाहीत. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर सगळं होऊन गेलेलं असेल. मी मुद्दामच मुकुलमार्फत तुला निरोप दिला नाही. तू नको म्हणालास तर मी ऐकेन, याची मला भीती वाटते.

त्याला दिल्यावर तू कधीच येणार नाहीस याचीही वाटते. पण श्वासाचा तो आवाज आत चालू आहे आणि मी इथे बसून लिहितेय, हे मला सहन होत नाही.

आई

क्वीन्सटाउन, १४ ऑगस्ट २०१६

अमेय,

नेलं त्याला.

दोघंजण आले, एक चिनी मुलगा आणि एक मलाय बाई. मी चहा विचारला. सवयीनं. बाई हसली आणि म्हणाली, नो नीड, आंटी. त्यांनी त्याला अलगद उचललं, सुती पिशवीत घातलं, तोंड बांधलं. मी बाईला सांगितलं, त्याला डाव्या बाजूनं उचललेलं चालत नाही, अंग आखडून घेतो. तिनं बाजू बदलली.

मग तिनं विचारलं, हू इज द ओनर? मी "आय" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा मागून म्हणाले, "वी." मी त्यांना मराठीत म्हटलं, तुम्ही कशाला मध्ये, अर्ज तुमच्या नावावर आहे. ते म्हणाले, "गप्प बस. घर दोघांचं आहे." आणि ते पिशवी धरून खाली गाडीपर्यंत गेले. ज्या माणसानं तीन वर्षांत त्या पेटीत डोकावून पाहिलं नव्हतं. वर आले तेव्हा म्हणाले, केवढा हलका झालाय गं.

तुझं नाव आम्ही घेतलं नाही. घेणारही नाही. तू उद्या इथे उतरलास तर तुला कोणी काही विचारू नये.

बँकेत मी आपणहून सांगितलं. दुसऱ्यांना मी तेच शिकवते. माझ्या बॉसला आधी वाटलं मी थट्टा करतेय. मग तिनं दार लावून घेतलं. चौकशी होईल, तोपर्यंत माझ्याकडचं काम काढून घेतलंय, आणि यंदा मला वर चढवणार होते ते आता राहिलं. बाईनं साप पाळला हे सगळ्या मजल्यावर झालंय. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलापाशी येऊन एकानं विचारलं, चावला नाही का कधी? मी म्हटलं, तोंडच उघडत नव्हता.

स्टोअररूम पुसून घेतली. पिंप परत आत ठेवलं. पेटीची खूण जमिनीवर राहिलीय, ती पुसून जात नाही.

आता तुला परत बोलवायला माझ्याकडे काही नाही. मला भरून येतंय आणि मी ते इथे लिहितेय, कारण समोर कोणी असतं तर लपवलं असतं.

आई

क्वीन्सटाउन, १८ सप्टेंबर २०१६

अमेय,

परवा आम्हाला जबाब द्यायला बोलावलं होतं. तीच मलाय बाई होती. सगळं विचारून झालं, सह्या झाल्या. ताकीद मिळाली, दंड होईल, त्यापुढे काही नाही असं ती म्हणाली. उठताना मी विचारलं, तो आहे का? मला वाटलं, ती आता नियम सांगेल. तिनं फोन काढून फोटो दाखवला. प्लास्टिकच्या साध्या टबात, वर्तमानपत्रावर, आपला नाना. नाकाशी काही नाही. इंजेक्शनं दिली म्हणे, आठवड्यात श्वास सुधारला. "अँड ही ईट ऑलरेडी, आंटी. फर्स्ट टाइम वी गिव्ह, ही टेक."

पहिल्याच वेळी. दिला आणि घेतला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण नंतर. आधी राग आला. एवढे महिने मी त्याच्यासाठी काय काय केलं नाही. उंदीर शेकले, पेट्या उचलल्या, लोकांशी खोटं बोलले, नोकरी पणाला लावली. आणि परक्या जागी, परक्या हातून, कोणी एकदाही खा म्हटलेलं नसताना, मुकाट्यानं खाल्लंन. बाहेर आल्यावर मी बाबांना तसं म्हणूनही दाखवलं. म्हटलं, माझ्यात काय खोट होती?

बाबा गाडीत खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तिथे त्याच्याकडे कोणी बघत बसत नसेल."

तसं म्हणायला आजारी होता, औषधानं बरा झाला आणि भूक लागली, एवढंच असेल. डॉक्टरही तेच सांगतील. पण क्वीन्सटाउन आलं तेव्हा मी उठलेच नाही. बाबांनी हात दिला.

मुकुल सांगत होता, तू आता स्वतः स्वयंपाक करतोस, जाडही झालास थोडा. इथे शेवटचे महिने तू ताट घेऊन खोलीत जायचास आणि तसंच परत आणून ठेवायचास. मी दारापर्यंत येऊन विचारायचे, अजून थोडं? तू जाड झालास हे ऐकून मला तसाच राग आला. मग तसाच आनंद झाला. दोन्ही खरं आहे.

आता हे पत्र मी पोस्टात टाकीन आणि पुढचं लिहिणार नाही. रुसून नाही. लिहायला बसले की मी विचारणार, विचारलं की पुन्हा विचारणार, माझा हात थांबत नाही. तो थांबवायचा तर कागदच उचलायचा नाही. बाबा म्हणतात तुला जमणार नाही. बघू.

फोन कर असं मी या पत्रात लिहिलेलं नाही. लिहायचं फार मनात आहे, अमेय.

आई